जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, त्यावर कुठला विंडो मॅनेजर (खिडक्या दाखवणारा-हलवणारा प्रोग्राम) टाकायचा?

विंडो मॅनेजर नंतर बघू, आधी टर्मिनल उघडून फ्री कमांड डॅश एच लावून (free -h) चालवा आणि ब्राउझर बंद असताना किती रॅम जातेय ते बघा, मग चार-पाच टॅब उघडून परत तेच करा. दुसरा आकडा बघून जरा धक्का बसेल. ग्नोम किंवा केडीई हे मोठे, जड डेस्कटॉप सोडले की काही शे एमबी सुटतात आणि 2 जीबीच्या मशीनला तेवढे खूप झाले, पण जड वेबसाइट जडच राहणार हे धरून चला. 4 जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप ठेवा ना सरळ, कशाला उगाच डोकेफोड.

आता खरंच गरज असेल तर माझं मत आइसडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरला. खाली टास्कबार, कोपऱ्यात मेन्यू, घड्याळ, सगळं त्यातच येतं, त्यामुळे घरातलं कोणी बसलं तरी अडत नाही. अँटीएक्स या जुन्या मशीनसाठीच्या लिनक्समध्ये तोच डिफॉल्ट असतो. ओपनबॉक्स पण मस्त आहे, पण नुसता टाकला तर समोर रिकामी स्क्रीन येते, राइट क्लिक केल्यावर मेन्यू, आणि पॅनल, म्हणजे टास्कबारची पट्टी, वेगळं टाकावं लागतं, टिंट2 वगैरे. जेडब्ल्यूएम हा अजून एक, त्याची सगळी सेटिंग एकाच एक्सएमएल फाइलीत.

आय3 हा कीबोर्डवर चालणारा विंडो मॅनेजर तेव्हाच घ्या जेव्हा हात कीबोर्डवरच असतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर तो विचारतो, शॉर्टकटसाठी मुख्य बटण म्हणून विंडोज की ठेवायची का ऑल्ट, तिथे विंडोज निवडा, कारण ऑल्ट बाकी प्रोग्रामना लागते. डीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर मी सांगणार नाही, साधा रंग बदलायचा तरी कोड बदलून परत कंपाइल करा.

टाकताना जुना डेस्कटॉप काढू नका. पॅकेज इन्स्टॉल करा, लॉगआउट करा, लॉगिन स्क्रीनवर सेशन बदला, नाही आवडलं तर परत मागे.

आणि मग वायफायचा आयकॉन गायब! इथे सगळे अडकतात, मी पण अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर शोधत बसलो होतो आणि ड्रायव्हरला काहीच झालं नव्हतं. नुसता विंडो मॅनेजर वायफाय, आवाज असलं काही स्वतः सुरू करेलच असं नाही, ते आपण सांगायचं. आइसडब्ल्यूएमसाठी होम फोल्डरमध्ये डॉट आइसडब्ल्यूएम फोल्डर, त्यात स्टार्टअप नावाची फाइल, पहिल्या ओळीत नेहमीची शेल स्क्रिप्टची सुरुवात (#!/bin/sh), खाली एनएम-ॲपलेट (nm-applet, वायफायचा आयकॉन दाखवणारा प्रोग्राम) आणि त्या ओळीच्या शेवटी & चिन्ह. ते विसरलात तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि पुढच्या ओळी चालतच नाहीत. फाइलला सीएचमॉड कमांडने (chmod +x) एक्झिक्युटेबल, म्हणजे चालवता येण्यासारखी, करा, नाहीतर ती चालणार नाही, आणि का चालली नाही हे पण कोणी सांगणार नाही.

पिकॉम हा खिडक्यांना इफेक्ट देणारा प्रोग्राम टाकायचा मोह होईल, सावल्या-पारदर्शक खिडक्या छान दिसतात म्हणून. जुन्या ग्राफिक्सवर नकोच.