ओपन सोर्स प्रकल्पातला बंद पडलेला घटक पुन्हा उभा करताना या चुका टाळा

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पाच-सहा जण लॅपटॉप घेऊन दादरला बसतो. एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पातली मराठी शुद्धलेखन तपासणी वर्षानुवर्षं वाऱ्यावर पडली होती, ती चालती करायचं काम आम्ही अंगावर घेतलं. मदतीला येणारी मुलं हुशार असतात, पण चुका त्याच त्याच करतात. दर वेळी तोंडी सांगून थकलो, म्हणून एकदा लिहून काढतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी साफसफाईला लागणं.

आमची तपासणी हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. त्यात दोन फायली असतात, एक शब्दांची आणि दुसरी प्रत्ययांच्या नियमांची. नियमांच्या फाइलीत वरच्या बाजूला एक ओळ होती: 'आयकॉन्व्ह' (आलेला मजकूर तपासण्याआधी बदलून घ्यायची सूचना), पुढे 'ऱ्', त्यापुढे पुन्हा 'ऱ्'. म्हणजे पडद्यावर वाचलं तर 'ऱ्'च्या जागी 'ऱ्' घ्या, एवढंच. नव्याने आलेल्या एका मुलाने ती निरर्थक समजून उडवली, सोबत पाच-पन्नास ओळी इकडच्या तिकडे केल्या आणि 'क्लीनअप' नावाची पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारायची विनंती) पाठवली. टेस्ट हिरव्या होत्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चाचण्या पास होत्या. मी मर्ज केली, म्हणजे ते बदल प्रकल्पात घेतले.

तीन आठवड्यांनी गिरगावातल्या एका छापखान्यातून फोन आला. दिवाळी अंकाची प्रुफं चालू होती. तिथे मुद्रितशोधन करणाऱ्या काकू म्हणाल्या, "अरे, 'दुसऱ्या'खाली लाल रेघ, 'वाऱ्यावर' लाल, 'किनाऱ्यावर' लाल. कोकणावरचा लेख आहे, पानच्या पान लाल झालंय. मी तपासणी बंद करून टाकली." बंद केल्यामुळे खऱ्या चुकाही निसटल्या. अनुक्रमणिकेत 'परिक्षा' तशीच छापून गेली.

कारण शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. 'वाऱ्या'तला तो आडवा र युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, 'ऱ' आणि हलंत (पाय मोडायचं चिन्ह). दुसरी, साधा 'र', हलंत आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. हेक्सडंप (फाइलीतल्या कच्च्या बाइटची यादी) काढला तेव्हा एकीकडे ६ बाइट दिसले, दुसरीकडे ९. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची प्रक्रिया) फिरवलं तरी हे दोन एक होत नाहीत. छापखान्यातला मजकूर दुसऱ्या तऱ्हेचा होता आणि आमच्या टेस्टमधले सगळे शब्द पहिल्या. ती काढून टाकलेली ओळ दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्यात रूपांतर करून घेत होती.

यावर त्या मुलाने सुचवलेला उपाय असा: न दिसणारं चिन्ह हनस्पेलला सरळ दुर्लक्षायला सांगा, एका ओळीत काम होईल. तसं केलं की 'वाऱ्या'चं 'वार्या' होतं आणि लाल रेघ तशीच राहते. 'दऱ्या'चं होतं 'दर्या', 'आचाऱ्याला'चं 'आचार्याला'. म्हणजे तपासणी भलताच शब्द तपासते आणि बरोबर म्हणून सोडून देते. असले शॉर्टकट मी घेत नाही, आणि घेऊही देत नाही.

माझी सवय सांगतो. कोणतीही ओळ काढण्याआधी गिट ब्लेम (कोणती ओळ कुणी, कधी घातली ते दाखवणारी आज्ञा) लावायचं, ती ओळ जन्माला आली त्या कमिटपर्यंत (नोंदवलेल्या बदलापर्यंत) मागे जायचं, त्याच सुमारास उघडलेले इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी) वाचायचे. या ओळीच्या कमिटला 'फिक्स' एवढाच संदेश होता, पण चार दिवस आधीच्या इश्यूत कुणीतरी 'बिचाऱ्या' लाल दिसतो म्हणून लिहिलेलं होतं. शोधायला दहा मिनिटं लागली असती. कारण सापडलं नाही तर ओळ जागेवर राहते. आता तिच्या वर टिप्पणी आहे, आणि टेस्टमध्ये दोन्ही तऱ्हांचे शब्द.

दुसरी चूक, आल्या आल्या चाव्या मागणं. "मेंटेनर उत्तर देत नाहीत, मला कमिटचे हक्क द्या" असं पहिल्या आठवड्यात लिहू नका (मेंटेनर म्हणजे प्रकल्प सांभाळणारा). एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या ओपन सोर्स साधनाचं प्रकरण आठवा. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी तिथे दोनेक वर्षं नीट काम केलं. २०२२ मध्ये इतर नावांनी दमलेल्या मूळ मेंटेनरवर दबाव आणला गेला की नवा माणूस घ्या. मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा सापडला. तोही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिन (दूरच्या संगणकात शिरणं) अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय हे खटकलं म्हणून. त्यानंतर अनोळखी घाईकडे सगळेच संशयाने बघतात, आणि ते योग्यच आहे. लहान दुरुस्त्या पाठवत राहा. जुन्या मेंटेनरला "प्रकल्प मेलाय का?" असं तर कधीच विचारू नका. त्या माणसाने स्वतःच्या रात्री दिलेल्या असतात.

बाकीच्या थोडक्यात.

काहीही बदलण्याआधी आहे तसं बिल्ड करून, म्हणजे मूळ फायलींपासून वापरायची आवृत्ती बनवून, बघा. आमच्या शब्दयादीच्या स्क्रिप्ट पायथन २च्या होत्या, त्याचा आधार १ जानेवारी २०२० लाच संपला. पायथन ३ वर आणणं हा स्वतंत्र कमिट, त्यात दुसरं काही घुसडू नका.

शब्दांच्या फाइलीची पहिली ओळ म्हणजे शब्दांची अंदाजे संख्या. आपली यादी वरून चिकटवताना ती पुसू नका.

'घराला, घराने, घरातून' अशी हजारो रूपं कोशात ओतू नका. सामान्यरूप आणि प्रत्ययांचे नियम लिहा. हनस्पेल प्रत्ययांचे दोनच थर सोलतं, त्यामुळे 'घराबाहेरच्यांनासुद्धा'सारख्या शब्दासाठी काही प्रत्यय आधीच जोडून द्यावे लागतात. वेळखाऊ आहे, पण तसंच करावं लागतं.

परवान्याची फाइल आणि जुन्या लेखकांची नावं हलवायची नाहीत.

जुने इश्यू सरसकट बंद करू नका. 'बिचाऱ्या' तिथेच सापडला.

आणि टेस्ट हिरव्या झाल्या म्हणून लगेच रिलीज करू नका. मी आता नवी फाइल आधी गिरगावला पाठवतो. काकू तोच कोकणावरचा लेख उघडतात, वरपासून खालपर्यंत बघतात आणि फोन करतात. त्यानंतरच नव्या आवृत्तीचा टॅग लावतो.