केंद्रातल्या मंडळींना बाहेर जेवायला न्यायचंय? आधी एकटेच जाऊन बसून या

विरंगुळा केंद्रात दर महिन्याला कोणीतरी म्हणतंच, "अरे एकदा सगळे मिळून बाहेर जेवायला जाऊया की." सगळे हो हो करतात, आणि विषय तिथेच राहतो, कारण उठून करायचं कोणी. तुम्ही ते अंगावर घेतलं असेल तर तुमच्यासाठी हे लिहितेय. मी स्वतः सत्तरीला टेकलेय आणि असे बरेच बेत केलेत, त्यातले सुरुवातीचे दोन साफ फसलेत.

पहिल्या वेळी आम्ही एकोणीस जण गेलो होतो. जागा देखणी, जेवण झकास, आणि बाथरूम वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिघींनी पूर्ण वेळ पाण्याचा घोट घेतला नाही, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्यातल्या एक काकू मला "छान झालं हो सगळं" म्हणाल्या आणि पुढच्या वेळी नावच दिलं नाही. आपल्या वयाची माणसं तक्रार करत नाहीत, नुसती यायची बंद होतात. म्हणून जेवण कसं आहे हे मी आता सगळ्यात शेवटी बघते.

आधी माणसं किती ते ठरवा

आठ ते बारा, बस. वीस जणांचं लांबलचक टेबल फोटोत मस्त दिसतं, पण या टोकाचा विनोद त्या टोकाला पोचेपर्यंत शिळा होतो. जास्त लोक असतील तर सहा-सहाची दोन टेबलं जवळजवळ मागा, गोल मिळाली तर उत्तमच. यामागे कानाचं कारण आहे. वयानुसार ऐकू कमी यायला लागतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ असली अक्षरं. त्यामुळे माणसाला कोणीतरी बोलतंय हे ऐकू येतं पण काय बोलतंय ते लागत नाही, आणि मागे भांड्यांचा खडखडाट नि गाणी असली की संपलंच. मग तो सगळे हसले की हसतो. अशा वेळी ओरडून बोलण्याचा काही उपयोग नाही, तोंड त्याच्याकडे करून जरा सावकाश बोललं की लागतं.

मग जागा बघायला जा, आणि त्याच वेळेला जा

फोनवर "हो हो, सगळी सोय आहे मॅडम" असंच सांगतात. त्यांचंही काय चुकतं म्हणा, धडधाकट माणसाला दोन पायऱ्या दिसतच नाहीत. बेत बुधवारी दुपारी असेल तर आदल्या आठवड्यातल्या बुधवारी, त्याच वेळी जाऊन एकटं काहीतरी मागवा आणि अर्धा तास बसा. सकाळी अकराला शांत असलेली जागा एक वाजता बाजार झालेली असते.

बसल्या बसल्या बघायचं काय, तर पहिलं बाथरूम. त्याच मजल्यावर आहे का, फरशी ओली असते का, कमोड आहे का, उठताना धरायला दांडी आहे का, आणि आतली कडी घट्ट नाही ना, कारण आतून अडकलेल्या माणसाला बाहेर काढायचा अनुभव मी घेतलाय आणि परत नको. दुसरं म्हणजे खुर्ची. बसायची उंची साधारण ४५ सेंटीमीटर असेल आणि हात असतील तर गुडघेदुखीवाला आपला आपण उठतो. खोल सोफा दिसायला राजेशाही, पण त्यातून माणूस ओढून काढावा लागतो. भिंतीला चिकटलेला लांब बाकही नको, मधल्याला बाथरूमला जायचं तर चार जण उठवावे लागतात, मग तो जातच नाही.

व्हीलचेअरवालं कोणी येणार असेल तर टेप घेऊनच जा. दरवाजाची मोकळी रुंदी निदान ८० सेंटीमीटर हवी. रॅम्प आहे म्हणाले तर उतार बघा. नियम असा की जेवढी उंची त्याच्या बारा पट लांबी, म्हणजे १५ सेंटीमीटरची एक पायरी असेल तरी १ मीटर ८० सेंटीमीटरचा रॅम्प लागतो. पायरीवर टाकलेली फळी म्हणजे रॅम्प नाही, ती घसरगुंडी आहे.

शिवाय गाणी हळू करतील का ते मॅनेजरला विचारा आणि त्याचं नाव लिहून घ्या, म्हणजे त्या दिवशी "आमचं ठरलं होतं" म्हणता येतं. मेनूकार्ड त्या उजेडात वाचता येतंय का बघा. नसेल तर फोटो काढून आणा, केंद्रात आधीच मोठ्या अक्षरात प्रिंट लावून टाका, निम्मा वेळ वाचतो.

वेळ

दुपारचीच. संध्याकाळी परतताना समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यावर येतात आणि जे स्वतः गाडी चालवतात तेही धास्तावतात. पावणेबारा-बाराला टेबलावर बसलेलं असावं, गर्दी नंतर येते.

पण वेळेचा खरा प्रश्न डायबेटिसवाल्यांचा. जेवणाआधीचं इन्सुलिन घरून निघतानाच घेतलं, मग गाडी अडकली, मग ऑर्डर लांबली, की साखर खाली यायला लागते. तेव्हा त्या दिवशी गोळी-इन्सुलिन कधी घ्यायचं हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना आधी विचारून यायचं, शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला नाही. आणि वेटरला सांगून ठेवा की बसल्याबरोबर थोडं काहीतरी टेबलावर येऊ दे.

एखाद्याला एकदम घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं तर साखर उतरली असू शकते, मशीनवर ७० च्या खाली दिसलं तर नक्कीच. तो शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात घालून द्या, १५ मिनिटं थांबा, परत तपासा, वर आली नसेल तर परत द्या. इथे हमखास कोणीतरी पर्समधून चॉकलेट काढतं. त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते, त्यामुळे चॉकलेट नंतर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स.

ग्रुपवर विचारू नका, फोन करा

व्हॉट्सॲप ग्रुपवर "काय चालेल?" विचारलं की बारा जण "काहीही चालेल" लिहितात आणि अंगठे टाकतात. एकेकाला फोन केला की खरं बाहेर येतं. कवळी नवीन आहे, कडक चावत नाही. जिना उतरताना भीती वाटते. अमुक खाल्लं की अंगावर पित्त उठतं. हे कोणी चारचौघांत सांगत नाही, आणि तुम्हीही फोनवर कळलेलं पुढे सांगायचं नाही, नुसती सोय करायची. फोनवरच घरच्या एकाचा नंबर आणि चालू औषधांची नावं लिहून घ्या, कागद घडी करून तुमच्या पर्समध्ये. आदल्या संध्याकाळी परत एकदा फोन, कारण दोघं तरी तारीख विसरलेले असतात.

एक फोन जरा जास्त वेळाचा करा. नुकताच नवरा किंवा बायको गेलेलं कोणीतरी केंद्रात असतंच, आणि ते "तुम्ही जा, मला काही नको" म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षं जोडीने बाहेर गेलेल्या माणसाला पहिल्यांदा एकटं दारातून आत जाणं हेच अवघड असतं, जेवण नाही. आमच्यातल्या एका काकांनी तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्या वेळी मी नुसतं म्हटलं, मला घ्यायला याल का, मला एकटीला जायचा कंटाळा येतो. आले. आणि त्यांची खुर्ची जास्त बडबड करणाऱ्यांच्या शेजारी ठेवली, टोकाला नाही.

बिल

निम्मे बेत इथेच मोडतात. आमचा दुसरा बेत असाच मोडला. जेवण झालं, बिल आलं आणि एकाने उत्साहाने मोबाइलवर भागाकार करून "सगळ्यांना सारखे" जाहीर केलं. एका काकांनी अगदी थोडंसं खाल्लं होतं, त्यांनी पाकीट काढलं, दोनदा मोजलं, दिले. बोलले काही नाही. पेन्शनमध्ये भागवणाऱ्याला तो आकडा काय असतो हे ज्याचं त्याला माहीत.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. जागा बघायला जाते तेव्हाच मॅनेजरशी बोलून दोन-तीन ठरावीक पर्याय पक्के करते, सर्व्हिस चार्ज वेगळा लागतो का ते विचारते, टिप धरून माणशी आकडा काढते, आणि तो नाव नोंदवतानाच सांगते. पैसे आठवडाभर आधी केंद्रात बंद पाकिटातून. टेबलावर बिल येतच नाही, ते मी काउंटरवर जाऊन देते. कोणाला वरून काही मागवायचं असेल तर त्याचं वेगळं बिल, हे वेटरला आधीच सांगून ठेवायचं. उरलेले पैसे पुढच्या वेळेसाठी, आणि हिशोबाचा कागद केंद्राच्या बोर्डावर. "आज माझ्याकडून" ला मी सरळ नाही म्हणते, लोक मला खडूस म्हणतात, म्हणू देत. एकाने दिले की बाकीच्यांना कधीतरी आपणही द्यायला हवेत असं वाटतं आणि ज्यांना जमणार नसतं ते गळतात.

त्या दिवशी

तुम्ही वीस मिनिटं आधी पोचा. कमी ऐकू येणाऱ्यांना टेबलाच्या मध्यावर बसवा, चांगला कान माणसांकडे, आणि खिडकी त्यांच्या पाठीमागे येईल असं, म्हणजे उजेड बोलणाऱ्यांच्या तोंडावर पडतो आणि ओठ दिसतात. स्वयंपाकघराचं दार आणि स्पीकर यांच्यापासून लांब. चालताना आधार लागतो त्यांना बाथरूमच्या बाजूला.

घास अडकला तर माणूस जोरात खोकत असेल तोवर खोकू द्या, पाठीत मारू नका. आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थपके, तरी निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ धरून आत-वर असे ५ झटके, आणि दुसऱ्याने तोवर ॲम्ब्युलन्सला फोन. नुसतं वाचून हे जमत नाही, एकदा केंद्रात डॉक्टरांना बोलावून करून बघा. आणखी एक, ठसका लागलेला माणूस लाजून एकटाच उठून बाथरूमकडे जातो. त्याच्यामागे कोणीतरी जायचंच.

जेवण झालं की लगेच उठायचं नाही. पोटाकडे रक्त जास्त वळतं आणि उतारवयात जेवणानंतरच्या दोन तासांत बीपी खाली येऊ शकतं, त्यात भरकन उठलं की चक्कर. पंधरा-वीस मिनिटं गप्पा, मग टेबल धरून उभं राहायचं, जरा थांबायचं, मगच पाऊल. गप्पांसाठी यापेक्षा चांगलं वैद्यकीय कारण मला माहीत नाही. उरलेलं पॅक करून घेतलं तर टेबलावर आल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं, फार उन्हाळा असेल तर तासाभरात. परत जाताना मध्येच कोणाकडे टेकणार असाल तर पॅक करूच नका.

निघताना माणसं मोजा, मग टेबलाखाली वाका. चष्मे, कानाचं मशीन, आणि पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलेली कवळी, जी वेटर कचरा समजून उचलतो. घरी पोचल्यावर सगळ्यांनी "पोचलो" एवढं कळवायचं, ज्याचं आलं नाही त्याला तुम्ही फोन करायचा. आणि काठ्यांना आधीच वेगवेगळ्या रंगाच्या रिबिनी बांधून घ्या, कारण सगळ्या काठ्या सारख्याच दिसतात. आमच्याकडे दोघं एकमेकांची काठी घेऊन घरी गेले आणि एक जण चार दिवस डॉक्टरांना सांगत होते की माझी उंची अचानक कमी झालीय.