पॅरिशचं ऑनलाइन कॅलेंडर कसं सांभाळावं

आमच्या वसईतल्या पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या भाविक-समूहाचं, मिस्सांचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) आणि कार्यक्रमांचं गूगल कॅलेंडर गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. "एकदा रिपीट लावून टाक, मग वर्षभर बघायला नको" असं सांगणारे खूप भेटले. त्यातल्या एकानंही पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, पॅरिश ऑफिसचा फोन उचललेला नाही. मिस्सांचं वेळापत्रक म्हणजे जिमचं वेळापत्रक नव्हे. त्यात दरवर्षी ईस्टर हलतो आणि त्याच्याबरोबर जवळजवळ चार महिने हलतात.

1. खातं पॅरिशचं, माणसाचं नव्हे

पॅरिशच्या नावानं वेगळं जीमेल खातं उघडा आणि पासवर्ड ऑफिसच्या कपाटात ठेवा. युवा मंडळातल्या कुणाच्या खात्यावर कॅलेंडर बनवलं, तर तो पोरगा नोकरीला कुवेतला जातो आणि कॅलेंडरही त्याच्याबरोबर जातं. मदतनिसांना फक्त कार्यक्रम बदलण्याची परवानगी द्या, शेअरिंगची नको.

2. दोन कॅलेंडरं पुरेत

एक मिस्सांचं, एक बाकी सगळ्याचं: सभा, धर्मशिक्षण, गायनमंडळाची तालीम, सण. लोकांना मिस्सांचंच हवं असतं. त्यांच्या फोनात तालमी कशाला?

3. आधी ईस्टर, मग बाकीचं

नव्या वर्षाचं काम सुरू करताना सर्वात आधी ईस्टरची तारीख लिहा. तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो. स्प्रेडशीटच्या पहिल्या चौकटीत ती तारीख टाका आणि बाकीच्या तारखा वजाबाकी-बेरजेनं काढा. राखेचा बुधवार (उपवासकाळाची सुरुवात) 46 दिवस आधी, झावळ्यांचा रविवार 7 दिवस आधी, गुड फ्रायडे 2 दिवस आधी, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) 49 दिवसांनी. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे राखेचा बुधवार 10 फेब्रुवारी आणि पेंटेकॉस्ट 16 मे. या तारखांना "दरवर्षी" असा रिपीट कधीही लावू नका. गेल्या वर्षीचा राखेचा बुधवार यंदा भलत्याच वारी उगवतो.

15 ऑगस्ट (मरियेचं स्वर्गारोहण), 2 नोव्हेंबर (मृतांचा दिवस), 25 डिसेंबर (नाताळ) या ठरलेल्या तारखा बिनधास्त दरवर्षीवर टाका. मात्र "ठरलेल्या" म्हणवणाऱ्या काही तारखाही सरकतात. 25 मार्चचा देवदूताच्या संदेशाचा सण पवित्र आठवड्यात आला की पुढे ढकलला जातो. 2024 मध्ये तो 8 एप्रिलला झाला, आणि 2027 मध्ये 25 मार्च हा नेमका पवित्र गुरुवार असल्यानं 5 एप्रिलला जाईल. 8 डिसेंबरचा मरियेचा सण रविवारी आला तरी तेच. म्हणून धर्मप्रांताचं छापील कॅलेंडर शेजारी ठेवूनच बसा.

4. रोजची मिस्सा: इथेच सगळे पडतात

मीही पडलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिपीट लावलेल्या कार्यक्रमातला एखादा दिवस बदलला की कॅलेंडर विचारतं: फक्त हाच, हा आणि यापुढचे, की सगळे? लोक घाईत "सगळे" दाबतात. त्यानं मागचेही बदलतात. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की बाबांच्या स्मरणार्थ मिस्सा ठेवली होती ती किती वाजता झाली, तर कॅलेंडर बेधडक चुकीची वेळ सांगतं. "सगळे" हे बटण मी फक्त शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायला वापरतो.

"हा आणि यापुढचे" जास्त फसवं, कारण ते शहाणं वाटतं. ते दाबलं की मूळ मालिका तिथे तुटते आणि पुढच्या दिवसांची नवीन मालिका बनते. या नव्या मालिकेला तुम्ही आधी मारलेली भोकं, म्हणजे मधले काढून टाकलेले दिवस, माहीत नसतात.

माझं झालं ते असं. सकाळी साडेसहाच्या रोजच्या मिस्सेतून मी पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवार एकेक करून "फक्त हाच" म्हणत काढले. काढायलाच हवेत: पॅरिशमध्ये गुरुवारी फक्त संध्याकाळची मिस्सा असते, शुक्रवारी मिस्सा नसतेच, आणि शनिवारी थेट रात्रीचा जागर. इथवर सगळं बरोबर होतं. मग आठवड्याभरानं फादरांचा निरोप आला की झावळ्यांच्या रविवारनंतरच्या सोमवारपासून सकाळची मिस्सा सहाला. मी त्या सोमवारवर गेलो, वेळ बदलली, "हा आणि यापुढचे" दाबलं आणि लॅपटॉप मिटला. तिन्ही दिवस परत भरले गेले.

गुड फ्रायडेला पहाटे पावणेसहाला चर्चच्या बंद दारात आजोळी आलेलं एक कुटुंब, दोन पोरांसकट, फोन हातात घेऊन उभं. संध्याकाळी आईनं पेज वाढता वाढता विचारलं, "गुड फ्रायडेला मिस्सा सुरू केलीस ते पोपसाहेबांना कळवलंस का रे?" पुढची दोन वर्षं घरी हा विनोद चालला.

तर माझी पद्धत, आणि यावर मी कुणाशी वाद घालत नाही: भोकं मारायचीच नाहीत. न संपणारी मालिका बनवायचीच नाही. रोजच्या मिस्सेची मालिका सोमवार ते शनिवार लावा आणि शेवटची तारीख पवित्र आठवड्यातला बुधवार द्या. 2027 साठी ती 24 मार्च. दुसरी मालिका ईस्टरनंतरच्या सोमवारपासून, म्हणजे 29 मार्चपासून, नव्यानं सुरू करा. मधले चार दिवस पूर्ण रिकामे राहतात. त्यांत एकेक कार्यक्रम हातानं भरा: गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवारची क्रुसाची वाट (येशूच्या दुःखयात्रेची प्रार्थना) आणि दुपारचा विधी, शनिवारची रात्र, ईस्टरची सकाळ. रविवारच्या मिस्सांची मालिका वेगळी असते. तीही झावळ्यांच्या आधीच्या रविवारी थांबवा, कारण झावळ्यांच्या दिवशी मिरवणूक असते आणि वेळ बदलते.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मालिका लावली असेल, तर तीही तपासा. 2026 मध्ये गुड फ्रायडे 3 एप्रिलला, म्हणजे बरोबर पहिल्या शुक्रवारी. संगणकाला त्यात वावगं काहीच दिसत नाही. उपवासकाळातली शुक्रवारची क्रुसाची वाटसुद्धा गुड फ्रायडेच्या आदल्या शुक्रवारी संपवा, कारण गुड फ्रायडेची वेगळ्या वेळी आणि बहुधा मैदानात असते.

वेळ वर्षाच्या मध्येच बदलली तर? जुन्या मालिकेची शेवटची तारीख अलीकडे ओढा आणि नवीन मालिका स्वतः बनवा. पाच मिनिटं जास्त जातात, पण पुढची भोकं परत भरतील ही धास्ती नाही. बदल केल्यावर महिन्याचं पान उघडून एकेका दिवसावर बोट ठेवा. मी लॉग आउट करून, परक्या माणसासारखं बघतो.

5. नोव्हेना आणि मध्यरात्र

नोव्हेना म्हणजे सणाआधीची प्रार्थना, नऊ दिवसांची. "रोज, 9 वेळा" लावलं की झालं. फक्त सुरुवात नीट मोजा. संत अंतोनीचा सण 13 जून, तर नोव्हेना 4 ते 12. सणाचा दिवस नोव्हेनात धरणारे दरवर्षी एक दिवस उशिरा सुरू करतात.

नाताळच्या रात्रीची मिस्सा "25 डिसेंबर, 12:00" अशी कधीच टाकू नका. अर्धे लोक 25 च्या दुपारचं समजतात, उरलेले 25 च्या रात्रीचं. 24 डिसेंबर, रात्री साडेअकरा, असं टाका आणि नावातच "24 ची रात्र" लिहा.

6. वेळेचा पट्टा

कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडून ठेवा. तुम्ही भावाकडे दुबईला गेलात आणि तिथून फोनवर नोंद केली, तर ती दुबईच्या वेळेनं पडू शकते, म्हणजे इथे दीड तास उशिरा. बाहेरगावी असताना मी नोंदीच करत नाही, इथल्या माणसाला सांगतो. उलट बाजूही आहे: इथली साडेसहाची मिस्सा दुबईतल्या माणसाच्या फोनात पाचला दिसते. ते चूक नव्हे. पण ऑनलाइन दाखवल्या जाणाऱ्या अंत्यविधीच्या मिस्सेत "भारतीय वेळ 4 वाजता" असं नावातच लिहा, म्हणजे परदेशातली भावंडं चुकत नाहीत.

7. काय लिहू नये, काय पुसू नये

आजाऱ्यांची नावं आणि घरच्या जपमाळेचा पूर्ण पत्ता सार्वजनिक कॅलेंडरात नको. वाडीचं नाव पुरतं, ज्याला यायचं त्याला घर माहीत असतं.

रद्द झालेला कार्यक्रम पुसू नका. पुसला की लोकांना वाटतं आपल्याच फोनात काहीतरी बिघडलं, आणि ते येतातच. नावाआधी "रद्द" लिहून तो तारखेपर्यंत तसाच ठेवा. ज्यांनी लिंकवरून दुसऱ्या ॲपमध्ये कॅलेंडर जोडलंय, त्यांच्याकडे बदल पोचायला कित्येक तास लागतात. म्हणून पहाटेच्या मिस्सेचा बदल आदल्या रात्री कळला, तर कॅलेंडर बदलाच, पण वाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि फाटकावरच्या फळ्यावर खडूनं लिहा. फळ्याला रिफ्रेश लागत नाही.

शनिवारी संध्याकाळीच रविवारच्या घोषणांच्या कागदाचा फोटो मागून घ्या. मी तो कॅलेंडरशी ओळ न् ओळ ताडून बघतो. दर महिन्याला एक तरी वेळ जुळत नाही, आणि निम्म्या वेळा चूक कागदात असते.