पीएचडी करायची आहे? मग रसायनशास्त्राच्या पदवीसाठी विभाग निवडताना या चुका टाळा

पुढे संशोधनच करायचं, हे ज्यांचं बारावीतच नक्की झालेलं असतं, ती मुलंसुद्धा पदवीसाठी प्रवेश घेताना विद्यापीठाचं नाव बघतात आणि तिथेच थांबतात. तीन-चार वर्षांत आपल्या हातून काय काय होणार आणि आपल्याबद्दल दोन शब्द लिहू शकेल इतकं जवळून आपल्याला कोण ओळखणार, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. पुढे अर्ज भरायची वेळ आली की नेमकं तेवढंच कामाला येतं.

यंत्र आहे म्हणजे ते आपल्याला वापरायला मिळेल, असं धरून चालणं

विद्यापीठांच्या क्रमवारीत प्रामुख्याने मोजलं जातं ते प्राध्यापकांचं संशोधन आणि त्यांचा नावलौकिक. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत काय हाताळायला मिळतं, याचा त्यात पत्ताही नसतो. माहितीपत्रकात ४०० मेगाहर्ट्‌झच्या एनएमआरचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्राचा, फोटो असतो. त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, हे फोटोत दिसत नाही.

किल्ली न मिळालेला विद्यार्थी पीएचडीच्या पहिल्या वर्षी कसा अडकतो ते पाहा. पदवीला त्याने दर वेळी नमुना खिडकीत दिला आणि छापील आलेख घेतला. आता त्याने एक संयुग तयार केलं, सिलिकाची पूड भरलेल्या कॉलममधून शुद्ध केलं आणि पहिल्यांदाच स्वतः एनएमआरची नळी भरली. द्रावण घेतलं जेमतेम ०.३ मिली. पाच मिलिमीटरच्या नळीत साधारण ०.६ मिली, म्हणजे चार-पाच सेंटीमीटर उंचीचं द्रावण लागतं. त्याहून कमी असलं तर शिमिंग, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं, नीट होत नाही आणि शिखरं पसरट येतात. ४.१२ पीपीएमला (आलेखावरच्या जागेचं हे माप) चार शिखरांचा गट, २.०५ ला एकेरी शिखर, १.२६ ला तिहेरी, असं त्याला आलेखात दिसलं. ही सगळी एथिल अ‍ॅसिटेटची शिखरं, कॉलमचा द्रावक पुरता उडालेला नव्हता. त्याने ती आपल्याच संयुगाची मानली. वजन केलं तेव्हा उत्पादन भरलं चौऱ्याण्णव टक्के, तो खूश. पुढच्या पायरीत मोल मोजले ते या फुगलेल्या वजनावरून. प्रत्यक्षात संयुग कमी होतं, त्यामुळे अभिकारक जास्त पडला आणि नको ती अभिक्रिया झाली. तीन आठवडे गेले. हा मुलगा मंद नव्हता. नमुना निर्वात पंपावर सुकवून पुन्हा लावायचा आणि तीच शिखरं हटतात का ते बघायचं, ही सवय त्याला कोणी लावलीच नव्हती.

म्हणून विभागप्रमुखांना यंत्रांची यादी मागू नका. तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांना गाठा आणि विचारा, ‘गेल्या सहामाहीत एनएमआरवर स्वतः नमुना किती वेळा लावला?’ जीसी-एमएस आणि एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून तपासणाऱ्या यंत्रांबद्दलही हाच प्रश्न विचारा. टेबलावर मावणारं, द्रव हेलियम न लागणारं ६० मेगाहर्ट्‌झचं छोटं यंत्र वीस वेळा हाताळायला मिळत असेल, तर कुलूपबंद मोठ्या यंत्रापेक्षा तो विभाग बेलाशक निवडावा. छोट्या यंत्रात शिखरं एकमेकांवर चढतात हे खरं, पण त्यातूनच आलेख वाचायची नजर तयार होते.

संशोधन शेवटच्या वर्षावर ढकलणं

ही चूक सर्वांत महाग पडते, आणि बहुतेकांना ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो. उदाहरण अमेरिकेचं घ्या. तिथल्या पीएचडीचे अर्ज साधारणपणे प्रवेशाच्या आधीच्या डिसेंबरच्या आसपास बंद होतात. शेवटच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रकल्प सुरू केलात, तर मार्गदर्शकाने तुम्हाला पाहिलेलं असतं तीन महिने. त्यातला पहिला महिना काचेची भांडी कुठे ठेवलीत हे शिकण्यात जातो. मग शिफारसपत्रात येतं काय? ‘विद्यार्थी मेहनती आणि वक्तशीर आहे.’ निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. प्रयोग चार वेळा फसल्यावर पाचव्यांदा याने काय बदललं, हे लिहिणारं पत्र वजनदार ठरतं. त्यासाठी तेवढे फसलेले प्रयोग कोणीतरी शेजारी उभं राहून बघितलेले असावे लागतात. शिवाय पत्रं सहसा तीन लागतात. जीआरई या प्रवेशपरीक्षेतली रसायनशास्त्राची विषयपरीक्षा २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथे गुण मिळवून बाजू सावरण्याचा मार्गही आता उरलेला नाही.

विभाग निवडतानाच विचारून ठेवा: दुसऱ्या वर्षाच्या मुलांना संशोधनगटात घेतात का? त्या कामाला क्रेडिट किंवा मानधन असतं का? एका प्राध्यापकामागे पदवीची किती मुलं असतात? आणि रोज शिकवतं कोण, प्राध्यापक स्वतः की पीएचडीचा विद्यार्थी? दोन्हींत काही वाईट नाही. मात्र पंचवीस जणांच्या गटात प्राध्यापकांची भेट महिन्यातून एकदाच होत असेल, तर पत्राचा मजकूर दुसऱ्याच कोणाच्या आठवणींवर उभा राहतो. पीएचडीचा कार्यक्रमच नसलेल्या छोट्या महाविद्यालयात प्राध्यापकांचे हात म्हणजे पदवीचीच मुलं. तिथली पत्रं अनेकदा फार नेमकी असतात.

पहिल्याच वर्षी शोधनिबंधावर नाव हवं म्हणून धावणाऱ्यांना एक सांगणं आहे. यादीत पाचवं नाव आलं आणि मुलाखतीत ‘हा उत्प्रेरकच का निवडला?’ याचं उत्तर देता आलं नाही, तर ते नाव तुमच्या विरोधात जातं. दोन वर्षं एकाच प्रश्नावर नीट काम करा आणि वही अशी ठेवा की दुसऱ्याला त्यावरून प्रयोग पुन्हा करता येईल.

गणित टाळता येतं म्हणून खूश होणं

भौतिक रसायनशास्त्र एकाच सहामाहीत उरकणारे, कलनाला (कॅल्क्युलसला) बगल देणारे अभ्यासक्रम असतात. पुढे संशोधन करणाऱ्याने ते घेऊ नयेत. उष्मागतिकी व गतिकी एक सहामाही आणि क्वांटम व वर्णपटशास्त्र दुसरी, असे पूर्ण दोन भाग हवेत. त्याआधी बहुचल कलन, अवकल समीकरणं आणि रेषीय बीजगणित झालेलं असावं. ब्युटाडाइनच्या पाय-ऑर्बिटलच्या ऊर्जा α ± १.६१८β आणि α ± ०.६१८β येतात (α आणि β ही ऊर्जेची मापं), हे पाठ करता येतं. पण त्या ४×४ निश्चयकातून कशा निघतात हे ज्याला कळलं, त्याला पुढे कुठल्याही संगणकीय आज्ञावलीचं उत्तर तपासता येतं.

सेंद्रिय रसायन सुट्टीतल्या सहा आठवड्यांत उरकू नका. अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते, ती यंत्रणा डोक्यात मुरायला वेळ लागतो. आभासी प्रयोगशाळा पूर्वतयारीला ठीक, बदली म्हणून नाही.

अमेरिकन केमिकल सोसायटी विभागाला मान्यता देते, पण त्या विभागातल्या प्रत्येकाला प्रमाणित पदवी आपोआप मिळत नाही. त्यासाठी ठरावीक विषय आणि प्रयोगशाळेचे तास पुरे करावे लागतात. पहिल्याच वर्षी ती यादी मागून घ्या.

तीन वर्षांची पदवी घेत असाल, तर जिथे जायचं त्या देशाचा नियम आधी बघा. युरोपात पीएचडीआधी सहसा मास्टर्स लागतं. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात, पण अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात.

आणि माहितीपत्रकातल्या ऐच्छिक विषयांवर भुलू नका. ऑर्गेनोमेटॅलिक, पॉलिमर, प्रगत वर्णपटशास्त्र हे छापलेलं असतं, पण शिकवणारा रजेवर गेला की विषय बंद पडतो. मागच्या चार सहामाह्यांची प्रत्यक्ष वेळापत्रकं मागा आणि हवा असलेला विषय त्यात किती वेळा आलाय ते मोजा. एकदाही नसेल, तर तो विषय तिथे नाही असं समजूनच निवड करा.