पाडव्याला वीस जणांचं जेवण घरीच करायचं तर

गुढीपाडव्याला घरी पंधरा-वीस माणसं जेवायला बोलवायची ठरली की आपण आधी मेनू लिहायला बसतो. तो नंतर लिहा. आधी बघा की तुमच्या गॅसला शेगड्या किती आणि बारा ते एकच्या मधे त्यावर काय काय चढणार आहे, कारण सगळा गोंधळ त्या एका तासात होतो. पुऱ्या गरम हव्यात, भजी गरम हवीत, वरण गरम हवं, भात आत्ताच वाफेवरून उतरलेला हवा, आणि हे सगळं करणारी बाई घामाने भिजून शेवटच्या पंगतीला गार पुऱ्या खाते. मला हे अजिबात मान्य नाही. जिने स्वयंपाक केला ती पहिल्या पंगतीला बसली पाहिजे आणि जेवणाचं प्लॅनिंग तिथून उलटं करत यायचं.

त्यासाठी माझा एकच नियम आहे, ऐनवेळी तळायचा पदार्थ एकच ठेवायचा. पाडव्याला तो मान पुरीचा, म्हणून भजी कॅन्सल. तळणीचं काहीतरी हवंच असेल तर कोथिंबीर वडीचे उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रीजमधे ठेवा, सकाळी कापून अकराच्या आत तळून टाका, कोमट वडी पण छान लागते. कुरडया-पापड आदल्या संध्याकाळी तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की दुसऱ्या दिवशी कुरकुरीत राहतात.

आता श्रीखंड. वीस जणांना दीड किलो चक्का आणि सव्वा किलो साखर पुरते, माणशी मोठी वाटीभर येतं. घरी चक्का बांधणार असाल तर साधारण साडेतीन-चार लिटर घट्ट दही लागेल, म्हशीच्या दुधाचं असेल तर उत्तम. पण चैत्रातल्या उन्हात पूर्वीसारखं खुंटीला टांगून ठेवू नका हो, आंबट होतं. मोठ्या पातेल्यावर चाळण, चाळणीत मलमलचं फडकं, त्यात दही, वर ताटली आणि एखादं वजन, आणि हे सगळं रात्रभर फ्रीजमधे. दुसऱ्या दिवशी चक्का हाताला कोरडा लागला पाहिजे, बोटाला पाणी लागत असेल तर अजून थोडा वेळ ठेवा नाहीतर साखर घातल्यावर श्रीखंड ओघळतं, साखरेनेही ते सैल होतंच. साखर मिसळून दोन-तीन तास तसंच ठेवायचं, मग पुरणयंत्रातून काढायचं, म्हणजे गुठळी राहत नाही आणि साखर कचकच लागत नाही. केशर कोमट दुधात खलून, वेलदोडा, किंचित जायफळ. हे सगळं आदल्या दिवशीच उरकतं आणि मुरल्यावर चव आणखी खुलते. चक्का विकत आणणार असाल तर डेअरीत चार दिवस आधी सांगून ठेवा, पाडव्याच्या आदल्या दिवशी तिथे रांग असते. घरात कोणाला शुगर असेल तर साखर घालायच्या आधी वाटीभर चक्का बाजूला काढा, त्यात केशर-वेलदोडा घालून वेगळ्या डब्यात ठेवा, म्हणजे त्या माणसाला ताटावर बसून नुसतं बघत बसावं लागत नाही.

पुऱ्यांना दीड किलो कणीक घ्या, शंभरेक पुऱ्या होतात. कणकेत दोन मुठी बारीक रवा आणि मोहन, पीठ घट्ट भिजवायचं, सैल झालं तर पुरी तेल पिते. लाटलेल्या पुऱ्या ओलसर फडक्याखाली ठेवा, पंख्याखाली वाळल्या की फुगत नाहीत. पहिल्या पंगतीच्या पुऱ्या पानं मांडायच्या अर्धा तास आधी तळायला घ्यायच्या, रवा असला की तेवढा वेळ बऱ्या राहतात, मग गॅस बंद करून सरळ जेवायला बसायचं. दुसऱ्या पंगतीच्या पुऱ्या ज्यांचं जेवून झालंय त्यांनी तळायच्या, आणि हे मामा, काका, दादा, जावईबापू सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं. तळायला येतं हो सगळ्यांना, झारा हातात द्यायचा अवकाश.

बाकीचं पटकन सांगते. बटाट्याची भाजी अडीच-तीन किलोची, बटाटे सकाळीच उकडून ठेवायचे. नैवेद्य असतो म्हणून कांदा-लसूण नाही, हिरवी मिरची आणि आलं भरपूर. जैन मित्रमंडळी येणार असतील तर बटाटा आणि आलं दोन्ही चालत नाही, त्यांच्यासाठी मटकीची उसळ करा (कडक पाळणारे काही जण मोडाचं कडधान्यही खात नाहीत, ते आधी विचारून घ्या), पाऊण किलो मटकी दोन दिवस आधी भिजत घाला म्हणजे मोड नीट येतात, सगळेच खातात ती. मसालेभाताला एक किलो तांदूळ, तोंडली-मटार, गोडा मसाला, पाणी उकळतंच घालायचं. आंबेमोहोराचा वास सुंदर पण इतक्या मोठ्या प्रमाणात गिचका व्हायची भीती, मी कोलम घेते. जाड बुडाच्या पातेल्यात बाराला करून झाकण घट्ट लावून ठेवलात की पान वाढेपर्यंत गरम राहतो आणि शेगडी मोकळी होते. साध्या वरण-भाताला अर्धा किलो तूरडाळ आणि पाऊण किलो तांदूळ, डाळ सकाळीच शिजवून घ्या. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळीच घालायचं, नाहीतर ताटात पाणी पळतं. कैरी आलेलीच असते तेव्हा आंब्याची डाळ हवीच, हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची, कैरी किसून घालायची आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. पन्ह्याचा गर गूळ घालून दोन दिवस आधी करून ठेवा, आयत्या वेळी फक्त गार पाणी ओतायचं.

सकाळी गुढी उभारायची असते, कडुलिंबाची चटणी करायची असते, साखरेची गाठी शोधायची असते, त्यामुळे नऊपर्यंत ओटा तुमच्या हातात येत नाही हे धरूनच चाला. सिलेंडर आदल्या दिवशी हलवून बघा.

आणि पाहुणे फोनवर "काय आणू?" विचारतात तेव्हा "काही नको गं, तूच ये" म्हणू नका. नेमकं सांगा. एकाला बर्फ, एकाला पत्रावळ्या, एका वहिनींना कोशिंबिरीची काकडी चोचवून आणायला, कॉलेजातल्या मुलांना विडे. माणसांना काम आवडतं, आणि आपण आणलेली वस्तू पानात दिसली की त्यांनाही ते जेवण आपलं वाटतं. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते पण त्याच फोनवर विचारून घ्या, कारण कूट आपण नकळत कोशिंबिरीत घालतो.

लहान मुलं आणि गोळ्या घेणारे आजी-आजोबा यांना साडेबारालाच वाढा, नैवेद्य दाखवून झाला की लगेच, गुढीसाठी वेगळं ताट आधीच काढलेलं असतंच. आजींना खुर्ची-टेबल द्या. पंगतीत वाढायला दोन माणसं पुरतात, एकाकडे डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि दुसऱ्याकडे उजवीकडची भाजी-उसळ. मग भात-वरण-तूप. आग्रह श्रीखंडाचा करा, भाताचा नको.

उरलेला भात आणि उसळ त्या उकाड्यात ओट्यावर संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही, जेवणं झाली की लगेच पसरट डब्यात काढून फ्रीजमधे. श्रीखंडाचे छोटे डबे भरून निघणाऱ्यांच्या हातात द्या, त्यासाठी झाकणवाले डबे आधीच जमवून ठेवलेले बरे.