रॅशनलचा रकाना पेशंटजवळ जाण्याआधी कसा भरावा

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या काळजीचे लेखी आराखडे, तपासताना मी आधी रॅशनलचा, म्हणजे प्रत्येक काम का करायचं त्या कारणाचा, रकाना वाचते. पुस्तकातून उतरवलेला असेल तर लगेच कळतं. पेशंट कोणीही असो, तिथे 'संसर्ग टळतो', 'आराम मिळतो' एवढंच असतं. वर्गातलं शिक्षण आणि वॉर्डातलं काम यांची गाठ पडते ती याच रकान्यात, आणि नेमका तोच ड्युटी संपल्यावर घाईघाईत भरला जातो. माझं सांगणं असं की तो पेशंटला हात लावण्याआधी भरा.

हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना दिली जाणारी पेशंटची माहिती, ऐकताना एकच पेशंट निवडा. त्याच्याजवळ जाण्याआधी दोन ओळी लिहा: मला काय दिसायला हवं आणि का. समजा, पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन झालंय आणि आज दुसरा दिवस आहे. टाके ओढले जातात म्हणून हा पेशंट छाती भरून श्वास घेणार नाही, खोकणंही टाळेल. श्वास वरवरचा राहिला की फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटू लागतात. म्हणजे श्वास उथळ आणि जलद असेल, पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला तर आवाज क्षीण येईल, ऑक्सिजन थोडा कमी असू शकेल. आता जाऊन बघा.

अंदाज बरोबर आला, तर कामांचा क्रम तुम्हाला कोणी सांगावा लागत नाही. आधी ठरवून दिलेलं वेदनाशामक, ते लागू पडायला पुरेसा वेळ, मग पेशंटला बसवून, टाक्यांवर उशी धरायला देऊन दीर्घ श्वास आणि खोकला. औषधाआधीच व्यायाम सुरू केला तर बिचारा दोन श्वासांत थांबतो आणि आपण 'पेशंट सहकार्य करत नाही' असं लिहून मोकळे होतो. ते वाक्य मला फार खटकतं.

अंदाज चुकला, तर तिथे जास्त वेळ थांबा. जलद श्वासाऐवजी मिनिटाला आठच श्वास आहेत आणि पेशंट गुंगीत आहे? वेदनाशामक ओपिऑइड गटातलं, म्हणजे मॉर्फिनसारखं श्वास मंदावू शकणारं, आहे का, हा प्रश्न त्याच क्षणी डोक्यात यायला हवा. हाक मारून जागं करा, जवळून हलू नका, इन-चार्ज सिस्टरना आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. अंदाज लिहिलेला नसता तर 'आठ' हा चार्टवरचा आणखी एक आकडा झाला असता.

श्वासाच्या गतीबद्दल मी जरा हट्टी आहे. चार्टवर ओळीने सगळ्यांचे २० श्वास दिसले की मी विद्यार्थ्यांना परत मोजायला पाठवते. शरीरात ऑक्सिजन कमी पडला किंवा आम्ल वाढलं की श्वास वाढतो, आणि पुष्कळदा बीपी उतरण्याच्या कितीतरी आधी वाढतो. प्रौढ माणसात १२ ते २० ही नेहमीची मर्यादा. ब्रिटनमध्ये २०१२ साली आलेल्या न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या धोकासूचक गुणपद्धतीत २१ ते २४ ला दोन गुण आणि २५ पासून पुढे तीन गुण आहेत. मोजताना बोटं मनगटावरच नाडी बघत असल्यासारखी राहू द्या, कारण आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस तो बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजा.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्न: वॉर्डात पुस्तकापेक्षा वेगळं चाललं असेल तर काय करायचं? आधी तत्त्व मोडतंय की फक्त रीत बदलली आहे ते बघा. ड्रेसिंगचा ट्रे वेगळा मांडला, पण निर्जंतुक ते निर्जंतुकच राहिलं, तर काही बिघडलं नाही. उलट ती मांडणी का सोयीची, ते शिकून घ्या. पण कंबरेच्या हाडावर लाल झालेली कातडी चोळली जात असेल, तर तिथे तत्त्व मोडतंय. दाबाने आधीच दुखावलेल्या पेशींना चोळण्याने आणखी इजा होते. बोटाने हलकं दाबून बघा. लाली पांढरी पडत नसेल तर बेडसोअरची सुरुवात झाली आहे. त्या जागेवरचा भार काढायचा, कूस बदलायची. ज्येष्ठ सिस्टरना 'पुस्तकात असं नाही' म्हणू नका. 'सिस्टर, इथे दाबल्यावर लाली जात नाहीये, कूस बदलू का?' असं विचारा. पेशंटचं निरीक्षण पुढे ठेवलं की बोलणं पुढे जातं. मात्र पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत द्यायला कोणी सांगितलं, तर तिथे विचारणं नाही, थांबणंच. त्याने हृदय बंद पडू शकतं.

थिअरीचे मोठे सिद्धांतही असेच बेडजवळ न्या. नर्सिंगच्या सिद्धांतकार डोरोथिया ओरेम यांचा स्व-काळजीचा सिद्धांत परीक्षेपुरता पाठ करतात. स्पंजिंगच्या, म्हणजे पेशंटचं अंग पुसण्याच्या, वेळी तो एकच प्रश्न विचारतो: हे सगळं मी करायचं, थोडं करायचं, की फक्त शिकवत जवळ उभं राहायचं? पक्षाघाताने उजवी बाजू कमजोर झालेल्या बाईंच्या डाव्या हातात टॉवेल द्या आणि वाट पाहा. गाऊन घालताना कमजोर हात आधी, काढताना चांगला हात आधी. वेळ जास्त लागेल. इतर पेशंट खोळंबले असतील तर आज फक्त चेहरा त्यांना पुसू द्या, तेवढं जमतंच.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. शेवटच्या पायरीवरची नर्स नियम आठवत बसत नाही, परिस्थिती एकदम ओळखते. अशा सिस्टर 'मला हा पेशंट बरा वाटत नाही' म्हणाल्या की त्यांच्या मागोमाग जा आणि काम आटोपल्यावर विचारा, 'तुम्हाला आधी काय दिसलं?' उत्तर बहुधा लगेच येत नाही. थोड्या वेळाने त्या सांगतात: कपाळावरचा घाम, पांघरूण सतत ओढणारे हात, सकाळी बोलत होता आणि आता गप्प. ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या आणि संध्याकाळी त्यामागचं शरीरशास्त्र शोधा.

ड्युटीनंतर अंदाजाच्या ओळींखाली तिसरी ओळ लिहा: प्रत्यक्षात काय दिसलं. फरक असेल तिथे प्रश्नचिन्ह करा, तेवढंच पान उघडून वाचा. उत्तर मिळालं नाही तर तो प्रश्न उद्याच्या हँडओव्हरआधी तुमच्या इन्स्ट्रक्टरपुढे ठेवा, बेड नंबर आणि नोंदींसकट.