कंपनीचं टोपीचं पिस्तूल घेताना काय काय बघायचं

जुन्या वस्तूंचा नाद लागला की कधी ना कधी घोडेस्वाराचं एखादं पिस्तूल समोर येतंच, आणि विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो की साहेब हे सत्तावनच्या बंडातलं. सगळीच सत्तावनची असतात. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या रिसाल्यातलं टोपीचं पिस्तूल कसं तपासायचं ते लिहितोय, कारण आपल्याकडे तेच जास्त दिसतं आणि त्याच्याच नकला जास्त निघतात.

आधी थोडं समजून घ्या. ही ठासणीची वस्तू, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल फोडलंय ना, तेच तत्त्व, फक्त टिकलीऐवजी तांब्याची इवलीशी टोपी, ती निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या भोकाच्या छोट्या बोंडावर, बसवायची, वरचा घोडा म्हणजे हातोडी तिच्यावर आपटली की ठिणगी निपलच्या भोकातून आत दारूपर्यंत. ही युक्ती ज्याच्यापासून सुरू झाली तो फॉर्साइथ नावाचा स्कॉटिश पाद्री, शिकारीचा शौकीन, चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणाऱ्या, बंदुकीचा भपका बघून पक्षी उडून जायचे म्हणून वैतागलेला, त्यानं १८०७ साली पेटंट घेतलं. टोपी नंतर आली.

आता पिस्तूल हातात आलं की सगळ्यात आधी नळी भरलेली आहे का बघा. हसू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. तोंड माणसांपासून लांब ठेवा, निपलवर टोपी नाही ना बघा, मग एक लाकडी काडी हळूच तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी नखानं खूण करा आणि तीच काडी बाहेरून नळीला लावा. काडी जवळपास निपलपर्यंत पोचली तर रिकामी. इंच-दीड इंच आधीच थांबली तर आत काहीतरी आहे, मग उकरत बसू नका, जाणत्या बंदूक कारागिराकडे जाऊ दे.

मापं साधारण अशी: नळी ९ इंचाच्या आसपास, बोअर, म्हणजे नळीचं भोक, ०.६५ इंचाच्या आगेमागे म्हणजे करंगळी सहज आत जाते, दस्ता अक्रोडाचा, बाकी फिटिंग पितळेचं आणि बऱ्याचदा मुठीच्या बुडाला दोरी बांधायची कडी. नळीखालचा ठासायचा गज सुटा नसतो, बिजागरीनं नळीला अडकवलेला असतो, कारण पळत्या घोड्यावर गज हातातून पडला की पिस्तूल म्हणजे नुसता दांडका. तो गज बाहेर ओढून उलटा फिरवून नळीत घालून बघा, विनातक्रार गेला पाहिजे. शोपीसमध्ये तो नुसता चिकटवलेला असतो.

मग लॉकप्लेट, म्हणजे घोड्याखालची लोखंडी पट्टी. इथे घाई करू नका. कंपनीची खूण म्हणजे मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह. त्याच्या आधी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची खूण होती, त्यामुळे टोपीच्या पिस्तुलावर बदाम दिसला तर एकतर ते चकमकीचं होतं आणि नंतर बदललं, नाहीतर कोणीतरी हौसेनं ठसा मारलाय. भिंग घेऊन ठशाच्या कडा बघा: गंजाचे खड्डे ठशाच्या आतही बाहेरच्यासारखेच असतील तर ठीक, पण खड्ड्यांवरून अक्षराची कड ताजी, धारदार गेली असेल तर आधी गंज आणि मग ठसा, खेळ खल्लास. कंपनीचं राज्य १८५८ मध्ये संपलं, त्यामुळे सिंह आणि १८६५ साल शेजारी शेजारी नांदू शकत नाहीत. खैबरकडच्या लोहारांच्या नकलांमध्ये अक्षरं उलटी आणि स्पेलिंग चुकलेलं सापडतं, तेही लोक जमवतात म्हणा, पण त्या भावात.

घोड्याचं नाक खालून बघितलंत का? त्यात वाटीसारखा खळगा हवा, तो निपलवर झाकणासारखा बसतो, नाहीतर फुटलेल्या टोपीचे तुकडे थेट डोळ्यात. नकलेत नाक सपाट असतं. घोडा मागे घेताना अर्ध्यावर एक टिक आणि पूर्ण एक टिक असं ऐकू यायला हवं, आणि अंगठ्यानं धरूनच खाली आणा, निपलवर खटाखट आपटून दाखवणाऱ्याकडून घेऊच नका.

घोड्यापुढे पट्टीत बुजवलेली भोकं दिसली तर घाबरायचं नाही, ते चकमकीवरून टोपीवर बदललेलं पिस्तूल, असं त्या काळात भरपूर झालं. माझ्या एका मित्रानं मात्र चांगले पैसे मोजून एक आणलं आणि घरी कौतुकानं दाखवताना मला फुलीचे स्क्रू दिसले, ते स्क्रू आले १९३० च्या दशकात. बिचाऱ्याला सांगायचं कसं हाच प्रश्न.

कायद्याचंही बघा. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांना, त्यामुळे घोडा-निपल ठणठणीत असेल तर आधी पोलिसांच्या लायसन्स शाखेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचं मनातही आणू नका, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

घरी आणल्यावर आईला हात लावू देऊ नका, ती चिंचेच्या कोळानं पितळ लखलखीत करेल आणि निम्मी किंमत मोरीत वाहून जाईल. लोखंडाला मऊ फडक्यानं मशीन ऑइलचा हात, वर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, बस. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दर पंधरा दिवसांनी काढून निपलच्या बुडाशी बघा, गंज पहिला तिथेच धरतो.